इतर : चौदा

६ फेब्रुवारी, मंगळवार

मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, संशोधकानं रोजनिशी ठेवायलाच हवी. आपले पूर्वग्रह त्यात लिहून काढायचे, म्हणजे ते संशोधनात लुडबुड करत नाहीत. मी बराच वेळ विचार केला. मला पूर्वग्रह सापडले नाहीत. पण वही आणली आहे, तेव्हा लिहितो.

वय त्रेचाळीस. महाविद्यालयात नोकरी, पीएच.डी. नसल्यामुळे अठरा वर्षं एकाच पायरीवर. माझ्याच वर्गात शिकलेली मुलगी आज माझी विभागप्रमुख आहे आणि रजेचा अर्ज मला तिच्यासमोर ठेवावा लागतो. ही पदवी मला हवीच आहे, वहीत तरी खोटं कशाला लिहू.

पद्धत निवडली आहे सहभागी कृती संशोधन. यात लोकांवर संशोधन करत नाहीत, लोकांबरोबर करतात. प्रश्न त्यांचा, शोध त्यांचा, आणि उत्तर सापडलं की त्यावर कृतीही त्यांनीच ठरवायची. आपण फक्त बरोबर असायचं. उंटावरून शेळ्या हाकणारा मी नव्हे. मी शेळ्यांबरोबर चालणार. (हे वाक्य प्रबंधात घ्यायचं नाही.)

जागा मिळाली आहे एका मोठ्या रुग्णालयाचा धुलाई विभाग. तळघर, वाफ, चार धुलाई यंत्रं, दोन सुकवणी यंत्रं, एक लांबलचक इस्त्रीचं मशीन आणि आठ माणसं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत बैठक. आज पहिली. मी रंगीत चिकटचिठ्ठ्या वाटल्या आणि म्हटलं, "आजपासून तुम्ही माझे सहसंशोधक. प्रश्न तुम्ही विचारायचे."

सगळ्यांत ज्येष्ठ बाईंना सगळे मोठ्या मावशी म्हणतात. त्या चिठ्ठी उलटसुलट करून म्हणाल्या, "प्रश्न आम्ही विचारायचे, उत्तरं आम्हीच शोधायची. मग सर, तुम्ही कशाला आलात?"

अतिशय मूलगामी प्रश्न. जसाच्या तसा टिपून घेतला.

एक अडचण आली. वाफेमुळं भिंती घामेजलेल्या असतात, चिठ्ठ्या टिकत नाहीत. सुकवणी यंत्राजवळच्या ढिगातली एक चादर घेतली, दोरीवर टाकली, तिच्यावर जाड पेनानं मथळे लिहिले आणि चिठ्ठ्या टाचण्यांनी लावल्या. झकास फलक झाला. गुंडाळी करून घरी आणला, माळ्यावर ठेवला.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रश्न ठरला. मला हवा होता तो नाही.

गेल्या सहा महिन्यांत रुग्णालयातल्या दोनशे शहाण्णव चादरी गायब आहेत. प्रशासक साहेबांचं म्हणणं, धुलाईवालेच घरी नेतात. अठ्ठावीस मार्चला समिती बसणार आहे. तोपर्यंत चादरींचा पत्ता लागला नाही, तर धुलाई बाहेरच्या कंपनीला देणार आणि हे आठही जण घरी. मोठ्या मावशींच्या नोकरीचे नऊ महिने उरले आहेत. पस्तीस वर्षं केली आणि शेवटचे नऊ महिने चोर म्हणून जायचं, एवढंच त्या म्हणाल्या आणि डबा उघडला.

"तर आमचा प्रश्न एकच आहे सर," वहिनी म्हणाल्या. या घडीच्या टेबलावर असतात. कुणाच्या वहिनी ते कुणालाच ठाऊक नाही. "चादरी जातात कुठं?"

मी म्हटलं, प्रश्न छान आहे, पण जरा वरवरचा झाला. मुळाशी जाऊ या. श्रम आणि आत्मसन्मान असा काही विषय घेता येईल का?

"आत्मसन्मान हरवलेला नाही सर," मोठ्या मावशी म्हणाल्या. "चादरी हरवल्यात."

हात वर करून मत घेतलं. त्यांच्या प्रश्नाला आठ, माझ्या प्रश्नाला एक. तो एक हात माझाच होता. लोकशाही कधीकधी घाई करते. बघू, पुढं प्रश्नाला सैद्धांतिक वळण देता येईल.

आजचा फलकही चादरीवरच केला. माळ्यावर ठेवला.

१६ फेब्रुवारी

मी बारा पानी प्रश्नावली घेऊन गेलो होतो. ती तशीच परत आली.

वहिनींनी वेगळंच काढलं. म्हणाल्या, सगळ्या चादरींवर शिक्का एकच, त्यामुळं कुठली चादर कुठल्या वॉर्डात गेली नि कुठून परत आली नाही, ते कळतच नाही. प्रत्येक वॉर्डाचा एक रंग ठरवू आणि कोपऱ्याच्या दुमडीत त्या रंगाच्या धाग्याचे दोन टाके घालू. शस्त्रक्रियेला लाल, लहान मुलांच्या वॉर्डाला निळा, प्रसूतीला हिरवा. असे सात रंग.

"नऊशे चादरी आहेत," मी म्हटलं.

"आणि आम्ही आठ आहोत," मशीनवाले काका म्हणाले. धुलाई यंत्रं तेच चालवतात, आणि यंत्रांच्या आवाजामुळं घरीही ओरडून बोलतात असं ऐकलं.

मलाही सुई दिली. तिसऱ्या टाक्याला अंगठ्यात गेली. "सर, तुम्ही लिहा," मावशी म्हणाल्या. मग मी त्यांच्या शिवण्याचं निरीक्षण लिहिलं. साडेतीन पानं झाली.

२० फेब्रुवारी

मार्गदर्शक मॅडमना माळ्यावरच्या गुंडाळ्यांचे फोटो दाखवले. त्या खूश झाल्या. श्रमिकांच्याच कापडावर श्रमिकांचं ज्ञान, म्हणाल्या. याला नाव द्या, यावर स्वतंत्र लेख होईल. मी नाव दिलं: वस्त्रफलक पद्धत. बायकोला सांगितलं. ती घरी ब्लाउज शिवून देते, त्यामुळं कापड म्हटलं की तिचे कान टवकारतात. तिनं विचारलं, "अहो, या चादरी परत कधी न्यायच्या? माळ्यावर माझे अस्तराचे गठ्ठे ठेवायला जागा उरली नाही."

मी म्हटलं, "त्या चादरी नाहीत. तो विदा आहे, डेटा."

तिनं गठ्ठे पलंगाखाली सरकवले.

१ मार्च

आज मला गप्प बसावं लागलं, कारण बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

दोन आठवडे त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या चादरी धाग्यावरून मोजल्या. शिवाय स्वच्छ चादरी पोचवायला जाताना काका आणि वहिनी वॉर्डावॉर्डांत बघून आले: गाद्यांखाली, औषधांच्या कपाटावर, एका ठिकाणी तर बंद पडलेल्या फ्रिजमध्ये. चादरी चोरीला गेलेल्याच नाहीत. प्रत्येक वॉर्डानं लपवून ठेवल्या आहेत. धुलाईकडून वेळेवर येत नाहीत म्हणून सिस्टर थोड्या दडवतात. त्यांनी दडवल्या की धुलाईत कमी येतात, म्हणून पुढच्या फेरीला आणखी उशीर. मग दुसऱ्या वॉर्डाच्या सिस्टर दडवतात. जो तो टंचाईला घाबरून टंचाई करतोय.

"आणि आपण?" मोठ्या मावशींनी विचारलं.

काका उठले, बॉयलरमागचं पत्र्याचं कपाट उघडलं. आत चाळीस चादरी, घडी घालून. अपघाताचे रुग्ण एकदम आले तर असाव्यात म्हणून त्यांनीच ठेवलेल्या.

"लिही," मावशी वहिनींना म्हणाल्या. "पहिलं आपलं लिही. धुलाई, चाळीस."

आपली चूक यादीच्या डोक्यावर लिहिणारी माणसं मी आमच्या महाविद्यालयात पाहिलेली नाहीत. मला खरंच भरून आलं. याच भरात आजचा फलक जरा मोठा झाला, सगळ्यांत मोठ्या मापाची चादर लागली.

८ मार्च

बायकोनं माळा झाडला. खाली येऊन म्हणाली, "त्या चादरींच्या कोपऱ्यात रंगीत धागे कुणी घातलेत? लाल आहेत, निळा आहे. टाका मात्र सुरेख आहे हं, उलट बाजूनं दिसतसुद्धा नाही."

बायकोला धाग्यापलीकडे काही दिसत नाही. मी तिला म्हटलं, टाका सोड, त्यावरच्या चिठ्ठ्या वाच. तिनं वाचल्या नाहीत.

१२ मार्च

काम जोरात आहे. वॉर्डांतल्या सिस्टरांशी मावशी स्वतः बोलल्या. सगळ्यांनी एकाच दिवशी दडवलेल्या चादरी बाहेर काढायच्या, धुलाईनं आधी, आणि कुणी कुणाला नावं ठेवायची नाहीत, असं ठरलं. याला म्हणतात कृती. मी मॅडमना लगेच कळवलं की माझी कृतीची पायरी पूर्ण होत आली.

निघताना फलकाची गुंडाळी काखेत मारली आणि दारात थांबून म्हटलं, "प्रशासक साहेबांची गंमत वाटते. चादरी त्यांच्याच वॉर्डांत आणि चोर शोधतायत तळघरात. काखेत कळसा नि गावाला वळसा."

सगळे इतके हसले की वहिनींना ठसका लागला. काकांनी तर मशीनकडे तोंड फिरवलं. माझा विनोद त्यांना आवडू लागलाय. विश्वासाचं नातं तयार झाल्याची ही खूण समजतात.

२२ मार्च, शुक्रवार

लिहावंसं वाटत नाही. पण लिहितो.

समितीपुढं ठेवायची यादी आज तयार झाली. वॉर्ड मिळून दोनशे छप्पन्न. धुलाई चाळीस. आणि खाली, वहिनींच्या अक्षरात: संशोधन, चौदा. एकूण तीनशे दहा, साहेबांच्या ताज्या आकड्याइतक्याच. एक चादर इकडची तिकडे नाही.

मी विचारलं, "हे संशोधन म्हणजे काय?"

मोठ्या मावशीच म्हणाल्या, अगदी मायेनं, "तुम्ही नेता ना सर. दर बैठकीला एक. आजची धरून चौदा."

"पण सहा महिन्यांचा हिशेब..."

"आधीच्या दोनशे शहाण्णव होत्या. तुम्ही आल्यावर तीनशे दहा झाल्या. साहेब दर आठवड्याला मोजतात, आकडा वाढतच होता."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो," काका म्हणाले. त्यांनी आवाज खाली आणायचा प्रयत्न केला. "पण तुम्ही इतके मन लावून चिठ्ठ्या लावत होतात."

वहिनी म्हणाल्या, "अजून वेळ आहे. सोमवारी घेऊन या. गरम पाण्यात टाकू, घडी घालून ढिगात ठेवू. विषय संपला."

मी सांगितलं की ते शक्य नाही. मूळ विदा प्रबंध मंजूर होईपर्यंत जपून ठेवावाच लागतो, नियम आहे. शिवाय शाई न जाणारी आहे. आणि वस्त्रफलक पद्धतीवरचा लेख छापायला गेला आहे, ते मी सांगितलं नाही. मग मीच सुचवलं: यादीत "संशोधन" लिहू नका, समितीला ते कळणार नाही, उगाच फाटे फुटतील. "इतर" लिहा. इतर, चौदा. तांत्रिकदृष्ट्या ते खोटं नाही.

मावशींनी यादी वहिनींपुढं सरकवली. मग वहिनींना म्हणाल्या, "लिही इतर."

मत घ्यायचं राहून गेलं.

२८ मार्च, गुरुवार

समिती झाली. मला प्रशासक साहेबांच्या शेजारची खुर्ची मिळाली. सहसंशोधक भिंतीशी उभे होते, खुर्च्या पुरल्या नाहीत.

वहिनींनी यादी वाचली. सिस्टरांनीही मान्य केलं, हो, आम्हीच ठेवल्या होत्या. टेबलाच्या त्या टोकाला एक डॉक्टर चक्क हसले आणि म्हणाले, हे आपल्या कुणाला सुचलं कसं नाही. मला वाटलं झालं, सुटलो.

प्रशासक साहेबांनी चष्मा पुसला. "इतर म्हणजे कोण?"

कुणी बोलेना.

"चौदा चादरी. बाकी सगळ्यांचा पत्ता आहे, यांचा नाही. चौदा असोत नाही तर चारशे, चोरी ती चोरीच. आणि खालच्या खात्यात चोरी होत असेल तर बाहेरची कंपनी काय वाईट?"

आठही जण फरशीकडे बघत होते. आठांपैकी एकानंही माझ्याकडे बघितलं नाही. हे मी आता लिहिताना लक्षात आलं. तेव्हा मला बरं वाटलं होतं.

मी बोलणारच होतो. वाक्य जुळवत होतो. "संशोधन प्रक्रियेच्या ओघात काही साहित्य" इथपर्यंत आलो होतो.

"त्या मी नेल्या," मोठ्या मावशी म्हणाल्या.

"घरी?"

"हो."

"कशाला?"

"लागल्या."

साहेबांनी लिहून घेतलं. मी पाणी प्यायलो. ग्लास रिकामा होईपर्यंत पुढचा विषय निघाला होता.

निर्णय: धुलाई बाहेर जाणार नाही. सात जणांचं काम आहे तसंच. मोठ्या मावशींना लेखी ताकीद, आणि निवृत्तीपर्यंत बदली फाटक्या चादरींच्या खोलीत. तिथं जुन्या चादरी फाडून पुसण्याची फडकी करतात. त्या खोलीत एकट्यानंच बसायचं असतं.

२९ मार्च

बायकोला सांगितलं. सगळं नाही, पण तिनं बाकीचं विचारून घेतलं. मग म्हणाली, "त्या बाईंना तुम्ही काय म्हणता?"

"मावशी."

"हां," ती म्हणाली आणि मशीनवर बसली. तासभर शिवत होती, माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मला माझीच लाज वाटली. हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि तीनदा लिहिलं.

२ एप्रिल

मार्गदर्शक मॅडमना घडलेलं कळवलं, थोडं मोघम. त्यांचं उत्तर आलं: "सहभागींनी स्वतःहून जबाबदारी स्वीकारली, हे सक्षमीकरणाचं उत्तम निदर्शक आहे. निष्कर्षात ठळक घ्या."

दुपारी जेवण गेलं नाही.

५ एप्रिल, शुक्रवार

प्रशासक साहेबांना पत्र लिहिलं. चौदा चादरी मी नेल्या, मावशींनी नाही, विचारलं तेव्हा मी गप्प बसलो. दीड पान. पाठवण्याआधी धुलाईत गेलो. मावशीही फाटक्या चादरींच्या खोलीतून डबा घेऊन आल्या होत्या. केसांत धाग्यांची कुसळं अडकली होती. मी पत्र वाचून दाखवलं. मनातून वाटत होतं, कुणी तरी म्हणेल, सर, तुम्ही मोठ्या मनाचे.

"पत्र चांगलं आहे," काका म्हणाले. "पण पाठवू नका."

"का?"

"साहेब म्हणतील मावशी समितीपुढं खोटं बोलल्या. मग बाकीचा हिशेब तरी खरा कशावरून? फाइल पुन्हा उघडणार. त्यांना तेच हवंय."

मी म्हटलं, पण माझ्या मनाला हे सहन होत नाही.

"ते तुमच्या मनाचं मळकं कापड आहे सर," मावशी म्हणाल्या. रागावून नाही, वाईट वाटलं ते त्यामुळंच. "इथं धुवायला आणू नका. आमच्याकडे आधीच पुष्कळ आहे."

मत घेतलं. पत्र पाठवू नये, आठ. पाठवावं, एक.

मी विचारलं, "मग मी करू तरी काय?"

त्यांनी एकमेकांकडे बघितलं. वहिनी म्हणाल्या, "ते जाडजूड लिहिताय ना तुम्ही, पदवीचं? त्यात खरं लिहा. कोणी नेल्या, यादीत काय होतं नि काय लिहायला लावलं, समितीत कोण कुठं बसलं होतं. मावशींचं नाव घालू नका. तुमचं घाला."

"आणि साहेबांनी वाचलं तर?"

सगळे हसले. मावशीसुद्धा हसल्या, आठवडाभरात पहिल्यांदाच हसल्या असाव्यात. "एवढं जाड साहेब वाचतात होय? तुमच्या कॉलेजातले वाचतील. वाचू देत की."

१९ एप्रिल

पाचवं प्रकरण पूर्ण केलं. सुरुवात अशी आहे: "चौदा चादरी मी नेल्या. समितीनं त्या दुसऱ्याच्या नावावर लिहून घेतल्या, तेव्हा मी पाणी पीत होतो." वस्त्रफलकांवरचा लेख परत मागवला. छापणाऱ्यांनी कारण विचारलं, तेही सांगितलं.

आज मार्गदर्शक मॅडमनी बोलावून घेतलं. प्रकरण टेबलावर होतं, शेजारी लाल पेन. म्हणाल्या, "भाषा छान उतरली आहे, पण ही पाच पानं काढून टाका. परीक्षक तुम्हाला दारात उभं करणार नाहीत. पदवी हवी आहे ना?"

"हवी आहे," मी म्हटलं. "पण मला एकट्याला काढता येत नाहीत."

"मग कुणाला विचारायचं?"

"धुलाई विभागाला."

त्या हसल्या. त्यांना वाटलं मी गंमत करतोय. मग हसायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, "ठीक आहे, विचारून या, नाही कोण म्हणतंय. त्यांना काय कळणार आहे त्यातलं?"

जाताना तळघरात डोकावलो. सगळे कामात होते. विचारलं नाही, उत्तर मला माहीत होतं. फाटक्या चादरींच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आतून कापड फाडल्याचा आवाज येत होता. मावशींचे अजून सात महिने आहेत.

पाचही पानं तशीच ठेवून प्रबंध जमा केला.